कोर्टातली मिरची

धुरपताबाईला आजवर लोकांनी पुष्कळ काही दिलं होतं. शिव्या दिल्या होत्या, आशीर्वाद दिले होते, कॉलेजच्या पोरांनी तर ताप म्हणाल तेवढा दिला होता. पण वापरलेलं लुगडं आणून हातावर ठेवायची हिंमत कुणाची झाली नव्हती. ती त्या मंगळवारी एका परक्या बाईची झाली.

भर दुपारची वेळ. कढईत आलुबोंडे, बाकांवर पोरं दाटीवाटीनं बसलेली. एक पांढरी कार नालीच्या पलीकडे येऊन थांबली. तिच्यातून नवरा-बायको उतरले, नालीवरची फरशी ओलांडून आत आले आणि काही खायला मागायचं सोडून हात जोडून उभे राहिले. बाईनं पिशवी पुढे केली. आत दोन जुनी लुगडी, एक चादर आणि तांदळाची थैली. "आजी, काळजी करू नका. पोटच्या पोरानं टाकलं तरी आम्ही आहोत ना," असं म्हणून तिनं धुरपताबाईच्या पाठीवरून हात फिरवला, आणि नवऱ्यानं तेवढ्यात फोटो काढला.

धुरपताबाईच्या हातात झारा होता. तो तिनं कढईच्या काठावर ठेवला, हे त्या बाईचं नशीब.

"कोनाले टाकलं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला, आजी."

"मले? कोनं?"

बाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायला लागली. नवऱ्यानं फोन पुढे केला. त्यात धुरपताबाईला धुरपताबाई दिसली. अंगावर तेलाचे डाग पडलेलं लुगडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पदरानं नाक पुसून राह्यली आहे, आणि मागं कुणीतरी मेल्यासारखी बासरी वाजते आहे. खाली काहीतरी लिहिलं होतं. निकिता जवळच बसली होती. मेडशीहून रोज एसटीनं येणारी, शेवटच्या वर्षाची पोरगी, जिभेला हाड नसलेली. तिनं ते मोठ्यानं वाचलं. "लेकानं टाकलेली माय. सत्तरीतही पोटासाठी कढईपुढं. या मायचं कुणी नाही."

"सत्तर?" धुरपताबाई म्हणाली. तिला साठी लागून फार दिवस झाले नव्हते, आणि तळपायाची आग मस्तकात गेली ती आधी या आकड्यानं गेली. बाकीचं हळूहळू डोक्यात शिरलं.

आता हे हॉटेल काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय तिचा संताप कुणाला कळायचा नाही. मालेगाव म्हणजे आपलं वाशीम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. तिथं कॉलेजच्या फाटकासमोर एक टिनाचं शेड आहे. वर पाटी नाही, कधीच नव्हती. बाकं लोहाराकडून ठोकून घेतलेली, आणि गल्ल्यामागं खुर्चीच्या जागी भंगारातल्या ट्रॅक्टरची सीट लोखंडी पायावर बसवलेली. त्या सीटवर धुरपताबाई बसते. पोरं त्याला हॉटेल म्हणत नाहीत, कोर्ट म्हणतात. "तासानंतर कोर्टात ये," असं कॉलेजात नवीन पोरगं ऐकतं तेव्हा बिचारं घाबरतं.

कोर्ट म्हणायचं कारण मिरची. दोघांचं भांडण झालं, कुणी कुणाची वही ढापली, कुणी कुणाबद्दल वावगं बोललं, की खटला धुरपताबाईपुढं येतो. कायदा सोपा आहे. आधी आपलं म्हणणं एका वाक्यात सांगायचं. मग तळलेली लवंगी मिरची देठापर्यंत चावून खायची, पाणी न पिता. आणि मग तेच वाक्य पुन्हा बोलायचं. खोटं बोलणारा माणूस तोंड पेटल्यावर आपलं वाक्य विसरतो, पाणी मागतो, नाहीतर खरं ओकून मोकळा होतो. प्राध्यापकांनी हसून पाहिलं, नापसंतीनंही पाहिलं, पण त्यांच्यातल्या दोघांचं भांडण शेवटी इथंच मिटलं. मिरची सगळ्यांना. फक्त जज मिरची खात नाही.

आणि ही जज गरीब बिरीब काही नाही. किन्हीराजाला तिचं घर आहे, विहीर आहे, तुरीनं आणि सोयाबीननं भरलेलं शिवार आहे, ते पाहणारा जगदेव नावाचा धडधाकट मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. जगदेव या कॉलेजात शिकायला आला तेव्हा त्याच्या जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून ती सोबत आली आणि खोली करून राहिली. त्याचे मित्र जेवायला यायला लागले. मित्रांचे मित्र आले. मग कढई आली, बाकं आली. जगदेवचं शिक्षण आटोपलं, तो गावी परतला, पण बाकांवर पोरं तशीच होती. धुरपताबाई राहिली. कायले राहिली, तर तिला आवडलं म्हणून. सकाळी उठून मूठभर आलं ठेचावं, पोरांच्या शिव्या ऐकाव्या, चार शिव्या आपण घालाव्या, याच्यात तिला जी मजा येते ती तिला ओसरीवर बसून तुरी निवडण्यात कधी आली नाही. पण साठीच्या बाईला एखादी गोष्ट हौस म्हणून करावीशी वाटते, हे लोकांच्या डोक्यात घुसतच नाही. तिला कुणीतरी टाकलेलीच असली पाहिजे.

तिनं कारवाल्या जोडप्याला बाकावर बसवलं, दोघांच्या पुढ्यात आलुबोंडे ठेवले आणि ते संपेपर्यंत डोक्यावर उभी राहिली. "तळताना जुनं लुगडं नेसते मी. तेल उडते म्हनून. नवे पेटीत हायेत, पाहाचे असन तं दाखवते. आन् डोयातून पानी मिरचीच्या फोडनीनं येते. तुमी घरी फोडनी घालता तवा तुमाले कोन टाकते?" बाईनं शेवटचा घास घाईनं गिळला. पिशवी तिच्या काखेत परत गेली आणि कार निघून गेली.

पण एका कारनं हे थांबणार होतं थोडंच. दुसऱ्या दिवशी एक मंडळ शाल घेऊन आलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी जुने स्वेटर आणून नालीच्या फरशीवर ठेवून गेलं. वाटसरू थांबून वाकून पाहायचे, हळहळायचे आणि काही न खाता निघून जायचे. नेहमीच्या पोरांना बसायला जागा मिळेना. एका माणसानं तर चहाचा कप हातात घेऊन डोळे पुसले. धुरपताबाईनं त्याच्या हातातून कप काढून घेतला आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

व्हिडिओ कुणी काढला ते शोधायला कोर्टाला वेळ लागला नाही. आसेगावचा धीरज, इथं खोली करून राहणारा, रोज फोडणीच्या वेळी फोन घेऊन कढईपाशी घुटमळणारा. तो तीन-चार दिवस गायब होता. शेवटी निकितानं त्याला बसस्टँडवर गाठलं आणि शर्टाला धरून आणलं.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धुरपताबाई ट्रॅक्टरच्या सीटवर बसली. "तुयं काय म्हननं हाय थे एका वाक्यात सांग," ती म्हणाली.

धीरजनं मान खाली घातली. "तुमच्या चांगल्यासाठी केलं, आजी. तुमचं हॉटेल फेमस व्हावं म्हणून."

बशी पुढे आली. त्यानं मिरची खाल्ली. चेहरा आधी लाल झाला, मग काळपट, मग कानांतून धूर निघायचा तेवढा राहिला. "तुमच्या चां..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला. "मले फॉलोअर पाह्यजे होते," तो म्हणाला.

शेड हसून पडलं. धुरपताबाई मात्र हसली नाही. तिला हसू येत होतं, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी टोचून राह्यलं होतं. "फॉलोअर पाह्यजे होते तं माया बोंड्याचा काढाचा होता. लेकानं टाकलं म्हनून कोनं सांगतलं तुले? मायं पोरगं गावात तोंड दाखवीन का आता?"

"कोनी नाही सांगतलं. म्या पाह्यलं."

"काय पाह्यलं?"

धीरजनं न सांगता दुसरी मिरची उचलली. कोर्टाच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं. ती चावून, डोळे मिटून, तो एका दमात बोलला. "तुमचा जगदेव दर बाजाराच्या दिवशी पलीकडं कृषी केंद्रापुढं गाडी लावते, आजी. खत घेते, औषध घेते. तुमी झारा हातात धरून तिकडं पाहात राहता. बोंडे करपतात. थो नाली ओलांडून एकदा बी आला नाही. तुरीची डाय, कांदे, समदं दुसऱ्याच्या हातानं पाठवते आन् निंगून जाते. मले वाटलं टाकलं असन."

पाणी त्यानं मागितलं नाही. धुरपताबाई सीटवरून उठली, फडक्यानं गल्ला पुसला, तो आधीच पुसलेला होता. "त्याले टाईम नसते," ती म्हणाली. "वावर त्याच्या एकट्याच्या जिवावर हाय. थो नाई येत तं मले त्याचं काई वाटत नाई." कुणी विचारलं नव्हतं तरी ती हे बोलली. निकितानं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण जज मिरची खात नाही, म्हणून ती गप्प राहिली.

शिक्षा ठोठावली गेली. व्हिडिओ तिथल्या तिथं उडवायचा आणि परीक्षेपर्यंत रोज सकाळी उकडलेले आलू गरम गरम सोलायचे. धीरजनं दोन्ही केलं. पण त्याच्या फोनमधून उडालेला व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये हिंडतच राहिला, आणि हिंडत हिंडत किन्हीराजाला पोचला.

तिथं काय झालं ते जगदेव आला तेव्हाच कळलं. बाजाराचा दिवस नसताना आला. माल वाहायचा छोटा हत्ती भाड्यानं घेऊन आला, सोबत ड्रायव्हर. नालीच्या पलीकडेच उभा राहिला, पांढराशुभ्र शर्ट, हात कमरेवर. "माय, सामान काढ. घरी जायचं हाय," त्यानं तिथूनच हाक दिली.

"आत ये," धुरपताबाई म्हणाली.

"गाडी उभी हाय."

"उभी असू दे. गाडीले कोनी टाकत नाई. आत येऊन बोल."

रस्त्यावर दोन-चार माणसं थांबली होती, त्यांचे हात खिशातल्या फोनकडे चालले होते. जगदेवनं ते पाहिलं आणि फरशी ओलांडली. बाकाच्या अगदी टोकावर बसला, जसा दवाखान्यात नंबर लावून बसतो तसा. धीरज कोपऱ्यात आलू सोलत होता, त्यानं मान वर केली नाही.

जगदेवनं भडाभडा सांगून टाकलं. चक्कीवर लोक त्याला पाहून गप्प होतात. साळ्यानं फोन करून झाप झाप झापलं. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं चार माणसांत विचारलं, का बा जगदेव, मायले वाटीभर वरन जड झालं काय. "मायं नाक कापलं गेलं," तो म्हणाला. "उद्यापासून हे बंद. चाल तू."

धुरपताबाईच्या मनात आलं, याला बदनाम केलं त्या पोट्ट्यानं, आणि शिक्षा मला. गेले कित्येक दिवस ती याच्याच बाजूनं भांडत होती. येईल त्याला सांगत होती की माझं पोरगं लाखात एक आहे. "लोकं खोटं बोलले म्हनून मी मायं हॉटेल बंद करू? कायले? मी कोनाच्या बापाचं काई खाल्लं काय? मले इथं बरं वाटते. हे तुमाले कोनालेच काहून समजत नाई?"

"माय, लोकायचं सोड."

"सोडलं. तू काहून न्यायले आला थे सांग."

"तुयी काळजी वाटते म्हनून," जगदेव म्हणाला.

धुरपताबाईनं बशी त्याच्यापुढं सरकवली. तळलेली मिरची, वर मिठाचे कण.

जगदेव कसनुसा हसला. "हे पोट्ट्यायचे खेळ हायेत, माय."

"तुयाच पायी सुरू झाला हा खेळ. तुया दोस्ताच्या, भाऊसिंगाच्या सायकलचं चाक कोनं वाकवलं म्हनून तू आन् थो झोंबले होते तवा. या कोर्टातली पहिली मिरची तुनं खाल्ली. आन् खरं बोलला होता."

पोरांना हे माहीत नव्हतं. सगळी माना वळवून जगदेवकडे पाहायला लागली. जगदेवचं हसू गेलं. त्यानं मिरची उचलली, देठापर्यंत चावली. वऱ्हाडातला माणूस, मिरचीनं हलणारा नव्हता, पण डोळ्यांत पाणी उभं राहिलंच. तो उभा राहिला, कायद्याप्रमाणं. तोंड उघडलं.

"तुयी काळजी..." तो म्हणाला, आणि पुढचं आलं नाही. त्यानं पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. "मले लाज वाटते, माय."

"त्या व्हिडिओची?"

"नाई. थ्याच्या आधीपासून. माया लग्नापासून. सोयरे इचारत, माय कुठी हाय. मी सांगो, रिसोडले मावशीकडं गेली. समद्यायले हेच सांगतलं. सासऱ्याले बी. माय बोंडे तयते, थे माया तोंडातून निंगत नव्हतं." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "पोट्ट्यानं टाकली म्हटलं थे खोटं हाय. म्या टाकली नाई तुले. म्या लपवली."



धुरपताबाईला जुन्या लुगड्यांचा राग आला होता, शालीचा आला होता, बासरीचा आला होता. ते सगळे राग आता अगदीच किरकोळ वाटले. परक्यानं टाकलेली म्हटलं तर भांडता येतं. "लपवली?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला. "चोरी केली होती म्या? कोनाचा खून केला होता, लपवाले? तू याच बोंड्यायवर शिकला, जगदेव. तुये दोस्त एका ताटात हात घालून इथं जेवले. मी इथून तुयी गाडी पाहो. मले वाटे, घाई असन. मले वाटे, पुढच्या बाजाराले येईन. तू मले रिसोडले पाठवून मोकया झाला." तिचा श्वास लागला. "लई वाईट वाटलं मले. सांगून ठेवते."



कोर्टात खरं बोलणाऱ्याला पाणी जजच्या हातून मिळतं. धुरपताबाईनं ग्लास भरला आणि जगदेवपुढं आदळला. थोडं पाणी सांडलं. "पी. खरं बोलला तू. आता शिक्षा आयक. मी येत नाई. छोटा हत्ती रिकामा जाईन. पुढच्या बाजाराले गाडी तिकडं नाई लावायची, हितं दारात लावायची, आन् बाकावर बसून खायचं, पोट्ट्यायच्या मधात. जो कोनी इचारीन, माय कुठी हाय, त्याले इथं घेऊन यायचं. सासऱ्याले पहिले." तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. "आन् आता आलू सोल. गरम असतानाच."

जगदेवनं पाणी संपवलं. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, त्याला त्यानं हातानं जा म्हणून खूण केली. मग पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि धीरजच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला. धीरजनं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. जगदेवला पहिलाच आलू चटका देऊन गेला, तो त्यानं या हातातून त्या हातात केला पण खाली टाकला नाही.

खटला संपला असं समजून पोरं उठायला लागली. तेव्हा निकितानं बशी उचलली. एक मिरची उरली होती. ती घेऊन ती थेट ट्रॅक्टरच्या सीटपाशी गेली.

"आजी, त्या दिवशी तुमी बोलल्या होत्या. थो नाई येत तं मले त्याचं काई वाटत नाई."

"जज मिरची खात नाई," धुरपताबाई म्हणाली.

"कायदा कोनं केला?"

कोपऱ्यात जगदेवचे हात थांबले. धुरपताबाईनं निकिताकडे डोळे वटारून पाहिलं, बशीकडे पाहिलं, पलीकडच्या कृषी केंद्राकडे पाहिलं. मग मिरची घेतली आणि कचकन चावली. आयुष्यभर दुसऱ्यांना मिरच्या खाऊ घालणारी बाई, पण चांगलीच झोंबली तिला. सगळी पोरं वाट पाहत थांबली. ते वाक्य तिनं पुन्हा उच्चारायला हवं होतं.

ती नाही बोलली. तिनं पाणी मागितलं.

जगदेव उठला, हात पुसले आणि पाणी दिलं.